तांदळाला तांदूळ

"तांदूळ घे, तांदूळ दे," एवढंच ती बाई म्हणाली आणि डोक्यावरचं गाठोडं ओसरीच्या कडेला ठेवून उभी राहिली.

ऊन चांगलंच तापलं होतं. माझी सासू, ठकूबाई, सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. तिने हात थांबवला नाही, फक्त मान वर केली. समोरच्या बाईच्या अंगावर बिनकाठाचं पांढरं लुगडं होतं, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेलं. कॅम्पातली बंगालीण आहे हे सांगायला कुणी नको होतं.

"काय म्हन्ते व कौतिके, ही?" मायने मला विचारलं. नवऱ्याचं ऐकून मीही सासूला मायच म्हणायची.

"तांदूळ देते म्हणते आणि तांदूळ मागते."

"उद्या भाकर देऊन भाकर मागन. येडी हाय का व?"

बाईने गाठोडं सोडलं. आत जाडसर, पिवळट उसना, म्हणजे उकडा तांदूळ होता. मायने एक दाणा दाताखाली धरला, वास घेतला आणि म्हणाली, "सरकारी हाय." बाईने आत कणगीकडे बोट दाखवलं. आमच्या घरचा साधा तांदूळ होता, धान ढेकीवर, म्हणजे पायाने चालवायच्या मुसळाखाली, सडून काढलेला. तिला तो हवा होता.

माझ्या सासूला अख्खं गाव मागून 'ठकू वकील' म्हणायचं. ती कुणाशीही, कशावरूनही वाद घालू शकायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. पण ही बाई वाद घालायलाच तयार नव्हती. मायने मनातल्या मनात हिशेब केला. उसना शिजून फुगतो, त्याची पेज दाट होते, खडी फोडून आलेल्या माणसाच्या पोटात तो बराच वेळ टिकतो. यात आपलं काही जात नाही.

"मापाले माप," माय म्हणाली.

बाईने मान हलवली. मी पायलीने मोजून दिलं. मायने पाणी विचारलं, तर तिने हात जोडले. "ना दीदी," म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचा पाथरटोला तेव्हा चांदा जिल्ह्यात होता. गावाच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीच्या पलीकडच्या माळावर कॅम्प. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही माणसं आधी रायपूरकडच्या मोठ्या छावणीत राहिली, मग ट्रकमध्ये घालून त्यांना इकडे आणलं. जंगल तोडायचं, शेत करायचं, आणि शेत पिकेपर्यंत सरकार धान्य देणार, असं ठरलं होतं. आणि नेमका त्याच वर्षी आमच्याकडे पाऊस रुसला. धानाच्या अर्ध्या बांध्या रोवल्या, अर्ध्या तशाच भेगाळून पडल्या. गावाला कुणी काही देत नव्हतं, आणि बोडीच्या पलीकडे ट्रकमधून पोती उतरताना दिसायची. पोटात दुखणारच. माझा नवरा गोसाई रस्त्याच्या कामावरून घरी आला की पाय धुण्याआधी विचारायचा, "आज काय उतरलं कॅम्पात?"

गाव रोज विचारत होतं तो हा प्रश्न, आणि उत्तर आणून द्यायचं काम लहानू कोतवालाचं. त्यानेच आम्हाला निताई हालदारची गोष्ट सांगितली होती. निताई म्हणजे कॅम्पाचा पुढारी. पंचविशीचा, काटकुळा, पण आवाज असा की बोडीच्या अलीकडे ऐकू यावा. सुरुवातीला कॅम्पाला आपल्यासारखाच साधा तांदूळ मिळायचा. बंगाल्यांना तो सोसेना. त्यांच्याकडे धान आधी उकडतात, वाळवतात आणि मग सडतात. जन्मभर त्यांनी तोच खाल्लेला. पोरांची पोटं बिघडली. तेव्हा निताईने वाटपाच्या दिवशी कॅम्पाच्या साहेबांच्या पुढ्यात पोतं उपडं केलं. म्हणाला, आमच्यातला एकही माणूस हा तांदूळ खाऊ शकत नाही, पोर नाही की म्हातारं नाही. कुणालाही धान्य घेऊ दिलं नाही. साहेब आधी चिडले, मग कंटाळले, आणि शेवटी उसना आला. त्या संध्याकाळी कॅम्पात ढोल वाजला. आमच्या गावात मात्र त्यावर बरंच बोललं गेलं. "फुकटचं खाऊन वर पसंत-नापसंत," असं.

आणि तो ढोल वाजून फार दिवस झाले नसतील, तोच ही बाई तोच उसना घेऊन आमच्या दारात.

ती पुन्हा आली. मग येतच राहिली. तिचं नाव खिरोदा. मी तिला मासी म्हणायला लागले, ती मला बौमा म्हणायची, म्हणजे सूनबाई. मसूरही आणायची आणि बदल्यात मूग न्यायची. गाठोडं दर खेपेला थोडं मोठं होत होतं. एकदा घरात सडलेला तांदूळच नव्हता. मी तिला हाताने खूण करून 'उद्या' म्हटलं, तर तिची नजर मागच्या पडवीतल्या ढेकीवर गेली. जन्माची ओळख निघावी तसा तिचा चेहरा खुलला. सरळ जाऊन ढेकीच्या शेपटावर तिने पाय ठेवला. माय खाली बसून उखळात धान सारायला लागली. धप, धप. एक घाव चुकला तर मायची बोटं गेली असती, पण एकही चुकला नाही.

त्यानंतर ढेकीवर त्या दोघीच असायच्या. माय आमच्या बोलीत बोलायची, मासी तिच्या. दोघींना एकमेकींचं फारसं कळत नव्हतं आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मी चुलीपाशी बसून ऐकायची. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं, आणि माय माझ्याशी बोलायची ती बहुधा कामापुरतं. क्वचित दुसऱ्याच्या नातवाचं कौतुक करायची, ते मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मग एक दिवस बिनसलं. धान सडून दोघी दमल्या होत्या. मायने तिच्याच उसन्याची पेज केली होती, वर बोडीतल्या बारीक मासळीचं कोरड्यास. तिने प्रेमाने थाळी पुढे सरकवली. मासी अशी मागे सरली, जणू थाळीत इंगळच होता. हात जोडले, तोंड पदरात लपवलं, आणि गाठोडं उचलून जवळजवळ पळतच गेली.

मायचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"बंगाली असून मासोळी नाई खात? असं कुठं असते?" ती म्हणाली. "आपल्या हातचं नाई चालत तिले. आपला तांदूळ चालते, ढेकी चालते, हात नाई चालत. येऊ दे आता."

त्याच आठवड्यात लहानूने दवंडी दिली. कॅम्पातलं धान्य बाहेर विकलं जातं, अशी गावातूनच तक्रार गेली होती. साहेबांचा हुकूम आला, विकताना जो सापडेल त्याच्या घरचं धान्य बंद. दवंडी देऊन झाल्यावर लहानू आमच्या ओट्यावर बसला, तंबाखू मळत म्हणाला, "ठकूबाई, तुमच्याकडं ते पांढरं लुगडं येते, ते कोन हाय माहीत हाय का? निताईची माय होय. पोरगा उसन्यासाठी भांडते आन् माय तोच गावात आनून इकते. शुक्रवारी साहेब येनार हायत. तुमाले बी बोलावनं हाय जी."

मायने सूप ओढून पुन्हा पाखडायला घेतलं. वकिलीणबाई गप्प बसल्या की मला धडकी भरायची.

शुक्रवारी सकाळी मी बोडीवर धुणं धुवायला गेले. निताईची बायको मालती तिथेच होती. आम्ही एकाच वयाच्या. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचं थोडंफार चालायचं. तिचे डोळे सुजले होते.

"तुझी सासू असं का करते?" मी विचारलं. "आज सगळ्यांचं धान्य जाईल ना तुमच्या घरचं."

मालतीने आजूबाजूला बघितलं. मग धुण्यावर वाकून, हळू आवाजात तिने सांगितलं. त्यांच्याकडे बाई विधवा झाली की उसना तांदूळ तिला वर्ज्य. मासळी वर्ज्य, मसूर वर्ज्य, दुसऱ्याच्या चुलीवरचं वर्ज्य. दिवसातून एकदा, आपल्या हाताने शिजवलेला साधा तांदूळ, एवढंच. मासीचा नवरा रायपूरच्या छावणीत वारला. तेव्हापासून साधाच तांदूळ मिळत होता, त्यामुळे कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. आणि मग निताई भांडला आणि जिंकला.

"मग त्याला सांगायचं ना!"

"मा ने कसम दिया," मालती म्हणाली. "बोली, लडका पहली बार जीता है यहाँ आ के. उस को मत बताना. वो दिन भर जंगल तोडता है, उस को क्या मालूम मा दोपहर में क्या खाती है. पहले आठ दिन तो खाली साग उबाल के खाया."

गाठोडं का वाढलं तेही तिने सांगितलं. कॅम्पात आणखी म्हाताऱ्या विधवा होत्या. मासी त्यांचाही तांदूळ बदलून न्यायची.

मी धुणं तसंच पिळून घरी पळाले आणि मायला सगळं सांगितलं. माय स्वतः कोवळ्या वयात विधवा झालेली. तिने ऐकून घेतलं आणि आधी भडकली. "नवरा मेला म्हनून बाईनं भात सोडायचा? माहा मेला तवा म्या दोन घास जास्त खाल्ले, पोरगं पाठीले होतं, नांगर कोन धरनार होता?" मग एकदम थांबली. "आन् म्या तिच्यापुढं मासोळी ठेवली," ती म्हणाली.

धान्याच्या गोदामापाशी मोहाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. एका अंगाला कॅम्प, दुसऱ्या अंगाला गाव. साहेब वयस्क होते, वाईट नव्हते, पण उन्हात ट्रकमधून आल्यामुळे त्रासलेले होते. मासी टेबलापुढे उभी होती. निताई तिच्याशेजारी, चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं.

"बाई, तुम्ही हिच्याकडून तांदूळ विकत घेता?" साहेबांनी मायला विचारलं.

"नाई जी. बदलतो."

"कशाच्या बदल्यात?"

"तांदळाच्या."

दोन्ही बाजूंनी हसू फुटलं. साहेब मात्र हसले नाहीत. "तांदूळ देऊन तांदूळ कोण घेतं? मला दूधखुळा समजता का?" ते मासीकडे वळले. "का बदलता? बोला."

मासीने पदर आणखी खाली ओढला.

"मा, केनो?" निताईने विचारलं. का, एवढंच. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

मासी बोलली नाही. आणि ती का बोलत नाही हे मला त्या घडीला पुरतं कळलं. साहेबांसमोर, दोन्ही गावांसमोर हा मुलगा म्हणाला होता की आमच्यातला एकही माणूस साधा तांदूळ खाऊ शकत नाही. आता त्याच्या आईनेच म्हणायचं, की मी तोच खाते आणि तू जिंकून आणलेला मला चालत नाही?

"ही बोलत नसेल तर हिच्या घरचं धान्य आजपासून बंद," साहेब म्हणाले. "आणि तुम्हाला उसना जास्त झाला असेल तर तसं सांगा. सगळ्या कॅम्पाला परत साधा देतो. माझी एक कटकट कमी होईल."

कॅम्पाच्या बाजूने कुजबुज उठली. कडेवरच्या पोराला एका बाईने छातीशी घट्ट धरलं. मासीने पदराआडून मायकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको सांगू, अशी.

मायने पदर खोचला. खाकरली.

"साहेब, बायकाइची गोष्ट हाय. मानसात बोलावं लागते, त्याले इलाज नाई. ही माही सून. लग्नाले तीन वर्सं झाली. आता कुठं देवानं डोळे उघडले."

मी मागे वळून पाहिलं. मायची दुसरी कुठली सून उभी आहे की काय, असं मला खरंच वाटलं.

"तिले लागले डोहाळे," माय पुढे म्हणाली. "लोकाइच्या सुनाइले चिचा लागते, आंबा लागते. माह्या सुनेले लागला बंगाल्याइचा उसना! साधा भात पुढं केला का पोट्टी तोंड फिरोते. आता सांगा जी, पोटुशीचा डोहाळा मोडता येते का? म्हनून या बाईच्या पाया पडून बदलून घेतला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडात कोंबला. त्यांना वाटलं, लाजते.

"मग हे आधी का नाही सांगितलं? ही बाई गप्प का?"

"तिसरा लागला नाई जी अजून. तिसऱ्याच्या आधी असं कोन बोलते? तिले मीच शपथ घातली होती."

"एवढाले गाठोडे एकट्या सुनेले?" मागून लहानू म्हणाला.

"दोघाइचं खाते ना रे आता ती!" माय त्याच्याकडे न बघताच म्हणाली, आणि सगळं गाव हसलं. साहेबही मिशीत हसले. पण माणूस पक्का होता. त्यांनी मासीला विचारलं, "आणि साधा तांदूळ तुम्ही काय करता? तुम्हाला तर तो सोसत नाही ना?"

मासीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "पिठे, बाबा. पिठे, पायेश." पिठाचे गोड पदार्थ आणि खीर, ती त्यांच्याकडेही साध्या तांदळाचीच होते. ते काही खोटं नव्हतं. मी निताईकडे बघत होते. तो आईच्या पांढऱ्या लुगड्याकडे बघत होता.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. म्हणाले, बदलायचं असेल तर यापुढे इथे, गोदामासमोर, सगळ्यांच्या देखत बदला; गावातल्या आणखी कुणाला हवं असेल तर तेही बदला, पण पैसा मध्ये येता कामा नये. आणि मला म्हणाले, "सांभाळून राहा, पोरी."

परतताना मी बांधावर बसकण मारली.

"माय, हे काय केलं?"

"मग काय करू? तिच्या पोराचं तोंड काळं होऊ देऊ?"

"आन् माझं?"

माय उभीच राहिली. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. तीन वर्षं ज्या गोष्टीची मी वाट पाहत होते, रोज ज्या गोष्टीपायी मान खाली घालत होते, ती तिने भर चौकात सुट्ट्या पैशासारखी खर्च करून टाकली होती. मी हुंदके देऊन रडले. ती माझ्याशेजारी बसली.

"काही बी सांगता आलं असतं मले," ती म्हणाली. "पन तोंडातून तेच निंघालं. वाटलं, एकदा बोलून तरी पाहू कसं लागते ते." मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी गोसाई धावत घरी आला. रस्त्याच्या कामावरच त्याला कळलं होतं. हातात गुळाची ढेप. त्याला खरं सांगितलं तेव्हा तो हसला, माय म्हणजे माय, असं काहीतरी म्हणाला, आणि न जेवताच झोपला. तो गूळ पुढे कितीतरी दिवस फडताळात तसाच होता.

आम्हाला वाटलं, विषय मिटला. पण खोटं बोलणं सोपं, त्याचा पाहुणचार जड. पुढच्या शुक्रवारनंतर दोन दिवसांनी दुपारी बोडीच्या काठाने बायकांची रांग येताना दिसली. डोक्यावर पातेली, हातात शंख. सगळ्यात पुढे निताई, खांद्यावर मोठी हंडी. त्यांच्याकडे पोटुशीला तिच्या आवडीचं जेवू घालतात, त्याला साध म्हणतात. इथल्या सुनेला आपल्या भाताचे डोहाळे लागले हे ऐकून अख्ख्या कॅम्पाने ठरवलं होतं. निताईने हंडी ओट्यावर ठेवली.

"दीदी, हम लोग जब से आया, खाली लेता है," तो मायला म्हणाला. "ट्रक आता है, लाइन में खडा होके लेता है. आज देने दो."

"अजून चोरओटीबी झाली नाई," ठकू वकील पुटपुटली, पण दार उघडं टाकून बाजूला झाली.

शेजारपाजारच्या बायका जमल्या. मला पाटावर बसवलं. कॅम्पाला जे धान्य मिळत होतं त्यातून वाचवून, मागून, जमवून त्या बायकांनी केलं होतं: उसन्याचा भात, बोडीतली मासळी, तळलेल्या भाज्या, पिठे, आणि दुधाच्या भुकटीची खीर. मालतीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. शंख वाजला. मान वर करायची मला हिंमत होईना. समोर एवढं अन्न, आणि ज्याच्यासाठी आणलं ते नाहीच.

आता पहिला घास भरवायचा. आमच्याकडची एक सवाष्ण पुढे सरली. तेवढ्यात माझी नजर मागच्या दारातून पडवीत गेली. ढेकीच्या लाकडावर त्या दोघी बसल्या होत्या, माय आणि मासी. खीर मासीने रांधली होती, घर मायचं होतं, आणि दोघी बाहेर. विधवेची सावली ओटीच्या बाईवर पडू नये हे आमच्याकडेही होतं आणि त्यांच्याकडेही होतं. एवढ्या एका गोष्टीत दोन्ही गावांचं अगदी एकमत होतं.

"माय," मी हाक मारली, "मासीला घेऊन आत ये. पहिला घास मी तिच्या हातचा खाणार."

बायकांमध्ये कालवा झाला. "काय बोलते व कौतिके? पहिल्या घासाले रांडक्या बाईचा हात? पोटातल्याले काई झालं म्हंजे?"

पोटातल्याला काय होणार होतं? मला एकटीला तिथे भ्यायचं कारण नव्हतं. मी तशीच बसून राहिले. खाणार तर तिच्याच हातचं, म्हटलं, नाहीतर उठते. डोहाळ्यापुढे कुणाचं काय चालतं? शेवटी मायने मासीचं मनगट धरून तिला आत आणलं. मासीला सगळं माहीत होतं. आपल्याला कुणी कधी शपथ घातलेली नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती माझ्यासमोर बसली, माझ्या डोळ्यात पाहिलं आणि खिरीचा घास माझ्या तोंडात घातला. मग तिने एक घास मायच्या तळहातावर ठेवला, आणि स्वतःच्या हातची खीर म्हणून एक आपल्या तोंडात. आमच्या घरात तिने खाल्लेलं ते पहिलं अन्न.

पुढच्या महिन्यात मायने गावात सांगितलं, पोटातलं राहिलं नाही. बायका भेटायला आल्या, मालतीही आली. मी रडले त्यात खोटं काही नव्हतं.

निताईला कुणी सांगितलं की त्याचं त्याला कळलं, ते मला माहीत नाही. गोदामासमोर बदलाबदल सुरू झाली तेव्हा तो तिथेच मापाशी उभा राहायचा. साधा तांदूळ न्यायला कोण कोण येतं हे तो बघत होता. सगळी पांढरी लुगडी. दुसऱ्या खेपेपासून आईचं गाठोडं तो स्वतःच बदलून आणायचा आणि तिच्या चुलीपाशी ठेवून निघून जायचा. त्यावर ते दोघं कधी बोलले नाहीत, असं मालती म्हणायची.

कॅम्पातल्या त्या म्हाताऱ्या आमच्या ढेकीवर गावाचं धान सडायला लागल्या आणि मजुरीत साधा तांदूळ न्यायला लागल्या. आमच्या बायका धान उकडायला शिकल्या. दोन्हीकडचा तांदूळ एकाच बैलगाडीतून चामोर्शीच्या बाजारात जायला लागला. कॅम्पाची शेतं पिकली आणि सरकारचा ट्रक यायचा थांबला, तो नक्की कधी, हे विचाराल तर आज कुणालाच आठवत नाही.

त्यानंतर चौथ्या वर्षी मला दिवस गेले. खरोखरचे. मायने या वेळी चौकात तर सोडाच, घरातही कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही. सातव्यात डोहाळजेवण केलं. गाव आलं, कॅम्प आला. मला पाटावर बसवलं, पोट गुडघ्याला लागत होतं. शंख वाजला. मी मागच्या दाराकडे पाहिलं. मासी पडवीत ढेकीपाशी होती, आता बरीच वाकली होती. शेजारी माय. तिने माझी नजर ओळखली आणि झटकन दुसरीकडे पाहिलं. तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं, कारण तेच माझ्या मनात होतं. मला भीती वाटली. आत बाळ फिरत होतं. घास भरवायला पुढे आलेली सवाष्ण थांबली होती, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"मासी," मी म्हणाले.

ती दारापर्यंत आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. दोन्ही हात पदराखाली घेतले.

"ना बौमा," ती म्हणाली. "ए बार तो सत्यि."

या वेळी तर खरं आहे.

"म्हणूनच," मी म्हणाले, आणि तिचा हात पुढे येईपर्यंत तोंड उघडून बसून राहिले.